मागच्या खोलीतली हल्डा

स्टार्क हॉलोच्या संग्रहालयात कायम एकच साल चालू असतं, अठराशे अडतीस. नगर कार्यालयात चौतीस वर्षं जन्म-मृत्यूंच्या नोंदी करून निवृत्त झाल्यावर मी तिथल्या जुन्या घरात शेतकरी बापाचं सोंग करायला रुजू झालो. काम सोपं होतं. विजार लोकरीची, टोपी गवताची, दाढी स्वतःची. दिवसभर चुलीपाशी बसून हवेची तक्रार करायची आणि सहकुटुंब आलेल्या पाहुण्यांना आपण खरोखर जुन्या काळात शिरलोय असं वाटू द्यायचं. नियम एकच होता, पण तो कडक होता: सोंग सोडायचं नाही, आणि एकानं पाहुण्यांसमोर काही रचलं तर दुसऱ्यानं ते खोडायचं नाही, पुढे न्यायचं.

मी लग्न केलेलं नाही. त्या उन्हाळ्यात मला आयती एकोणीस वर्षांची मुलगी मिळाली. रोझलिन थेयर शिकागोला परिचारिकेचं शिक्षण घेत होती आणि सुट्टीत आमच्या घरात थोरल्या लेकीचं काम करायला आली होती. पाहुण्यांच्या पोरांकडून लोणी घुसळून घ्यायचं, मेणबत्त्या ओतून घ्यायच्या, शेंगा सोलून घ्यायच्या, ही तिची कामं. हे सगळं ती अशा खुबीनं करी की पोरांचे आईबापही बाह्या सरसावत. एका बाईंनी तिला वायफायचं विचारलं, तर ती अदबीनं म्हणाली, "त्या नावाचं कुटुंब टेकडीपलीकडे राहत असेल, मॅडम. आमच्याकडे येणंजाणं नाही." मी दाढीत हसलो. शिकागोत तिला शिष्यवृत्तीची जागा होती, सप्टेंबरात हजर झाली नाही तर ती दुसऱ्याला जाणार होती, हे तिनं पहिल्याच आठवड्यात मला अभिमानानं सांगितलं होतं.

जुलैत एक कुटुंब आलं, पाच पोरांचं. त्यातलं एक घुसळण्याच्या पिंपावर पळी बडवत होतं आणि बाकीचे ताल धरत होते. रोझलिननं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू हं. मागच्या खोलीत हल्डा झोपलीय, माझी धाकटी बहीण. गालगुंड झालंय तिला."

पाचही पोरं गप्प. आणि नियमाप्रमाणे मी म्हणालो, "डावा गाल उतरला रात्री. आता उजवा."

जेवणाच्या सुट्टीत आम्ही पोट धरून हसलो.

"मिस्टर टटल, तुमचा तो उजवा गाल! कुठून आणलात?"

"नगर कार्यालयात. तिथे एक दुखणं संपलं की दुसरं तयार असे."

हल्डा लोकांना आवडली. दोन आठवड्यांत ती आमच्या कार्यक्रमाचा भाग झाली. पाहुण्यांची मुलं तिच्यासाठी जवाचं सूप करत, चवड्यांवर चालत वाडगा दारापर्यंत नेत; रोझलिन तो आत घेऊन जाई, सूप उभ्याउभ्याच पिऊन टाकी आणि रिकामा वाडगा बाहेर आणून म्हणे, "सगळं संपवलं हं तिनं." मुलांचे चेहरे असे फुलत की मलाच त्या मुलीचं कौतुक वाटू लागलं. सहा वर्षांची, हट्टी, पुढचे दोन दात नसलेली. ते पडलेले दात मी रचले होते.

एके दिवशी सुट्टीत रोझलिननं सहज विचारलं, "आज सूप तुम्ही प्यायलात का हो?"

"मला जव चालत नाही. का गं?"

"कढत होतं म्हणून मी आत ठेवून आले होते. परत गेले तर वाडगा रिकामा."

रकून आला असेल, असं मी म्हणालो. मांजराएवढं हे चोरटं जनावर आमच्याकडे पुष्कळ. मात्र चमचा पुसून वाडग्यावर आडवा ठेवणारा रकून मी पाहिलेला नव्हता. मी जाऊन खोली पाहिली. खाट होती, गोधडी होती, भिंतीला एक खुंटी होती. गोधडी नीट घडी केलेली होती. ती रोझलिननं केली असणार, असं मी धरून चाललो, आणि मी घडी करणार नाही हे माहीत नसल्यानं तिनंही बहुधा माझ्याबद्दल तसंच धरलं असावं.

मग ती सुट्टीतही खोलीतच बसू लागली. चिंध्यांची बाहुली शिवू लागली. एका संध्याकाळी आम्ही गाड्यांपाशी उभे होतो, ती जीन्समध्ये, केस सोडलेली, म्हणजे पुरती आजच्या काळातली. म्हणाली, "हल्डाला एकटीला फार कंटाळा येतो हो."

तिथे एकही पाहुणा नव्हता. त्या क्षणी मी तिला थांबवायला हवं होतं. पण मी किल्ली चाचपत होतो, आणि अंगवळणी पडलेला नियम तोंडातून बोलून गेला: "उद्या तिला मांजरीचं पिल्लू दाखवू."

रोझलिननं सुटकेचा श्वास टाकला. "मला वाटलं, ती मला एकटीलाच जाणवतेय."

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी तिची आई, डॉट, गाडीत ट्रंका भरून तिला न्यायला आली. बेकरीत काम करणारी, ठसठशीत बाई. रोझलिन चुलीपाशी उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "मी नाही येत. तिला सोडून कशी येऊ?"

"मिस्टर टटल," डॉट कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता तुम्हीच सांगा हिला. माझं काही ऐकत नाही. जन्म मी दिला, आणि बाईसाहेबांना बाप हवा तो अठराशे अडतीसचा!" हे म्हणताना ती हसत होती, पण तिचे डोळे हसत नव्हते. "सोमवारी हजर नसली तर जागा गेली हो."

रोझलिन माझ्याकडे वळली. "तुम्ही टोपी काढून सांगा, ती नाही म्हणून. एकदाच. तुम्ही सांगितलंत तर मी जाईन."

मी टोपी काढली. आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला. "हल्डा नाही. ती तू पाच पोरांना गप्प करायला रचलीस आणि मी तिला उजवा गाल दिला, तिचे दोन दात पाडले. मागच्या खोलीत एक खाट आहे. दुसरं काही नाही, कुणी नाही, आणि कधी नव्हतं."

मग रोझलिन रडली, मग हसली. "मी वेडी आहे ना, मिस्टर टटल?"

"परिचारिकेनं थोडं असावंच."

तिनं मला मिठी मारली, त्या उन्हाळ्यातली पहिलीच. डॉटनं जाताना माझा हात दोन्ही हातांनी दाबला. धुळीतून गाडी वळणाआड गेली, आणि मला इतका आनंद झाला की तो कोणाला तरी सांगावासा वाटला. मी आत आलो.

मागच्या खोलीचं दार लागलेलं होतं. ते आत उघडतं. त्याला कडी नाही, कधी नव्हती. मी ढकललं. ते बोटभर सरकलं आणि परत लागलं. मी पुन्हा जोर लावला नाही.

"ते तिला जाता यावं म्हणून बोललो गं," मी म्हणालो. "तुला उद्देशून नव्हतं."

मी दाराला पाठ लावून जमिनीवर बसलो. या वयात त्यालाही वेळ लागतो. ऊन त्या बाजूला येत नाही, तरी माझ्या पाठीमागची फळी एका जागी, सहा वर्षांच्या पाठीएवढी, उबदार होती. रुसलेल्या मुलांशी काय बोलतात हे शिकायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. म्हणून मी गप्प राहिलो, आणि तिनं आधी बोलायची वाट पाहू लागलो.