बरं वाटल्यावर

"हे तुम्हाला कशावरून वाटलं?" मंजिरी मॅडमनी पेन्सिलीने एका ओळीखाली रेघ ओढली.

पद्मिनीने चष्मा लावून ओळ वाचली. तिनेच लिहिली होती. क्षयरोग्याचं घर उपचार केंद्रापासून जितकं लांब, तितकी त्याने औषध अर्धवट सोडण्याची शक्यता जास्त.

"पाच जणांनी लिहिलं आहे, मॅडम. मागं संदर्भ दिले ना मी."

"ते पाहिले. त्यातले चार अभ्यास डोंगराळ भागातले आहेत. बीरगांवात तुमचं केंद्र कुठे आहे?"

"बाजाराच्या मागं. कोणत्याबी पाऱ्यातून, म्हणजे मोहल्ल्यातून, पायी धा-पंधरा मिनिटं."

"मग तिथली माणसं का सोडतात?"

पद्मिनीने संदर्भांचं पान पुन्हा उघडलं. तिचं वय सत्तेचाळीस. बावीस वर्षं ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. छत्तीसगढ वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, नवी कॉलेजं उघडली आणि नोकरीत असलेल्या नर्सेसना एम. एस्सी. करायची सोय झाली. पास झाली की ट्यूटरच्या जागेसाठी मुलाखत देता येणार होती, वॉर्डातल्या पाळ्या सुटणार होत्या. तिची गाइड मंजिरी नाईकनवरे पुण्याहून आलेली, तिच्याहून बारा वर्षांनी लहान.

"पूर्वीचं संशोधन सांगतं की अमुक गावात, अमुक माणसांत हे दिसलं," मंजिरी म्हणाली. "ते तिथलं उत्तर झालं. असं का व्हावं, हे सिद्धांत सांगतो. ते 'का' हातात असेल तर जिथे अजून कुणी पाहिलेलं नाही, तिथे काय दिसेल याचा अंदाज बांधता येतो. गृहीतक मांडायला दोन्ही लागतं. तुम्ही पहिलं तेवढं घेतलंत आणि गावाचं नाव बदललंत."

तिने एका पुस्तकातलं प्रकरण झेरॉक्स करून दिलं. पद्मिनीने ते चार दिवस दुपारच्या सुट्टीत वाचलं. इंग्रजी जड होतं, पण मुद्दा सरळ होता. माणूस औषध घेताना मनात दोन गोष्टी तोलतो. आजाराची भीती किती आणि औषधाचा त्रास किती. भीतीचं पारडं हलकं झालं की त्रास जास्त वाटू लागतो. हे वाचून तिने नवी ओळ लिहिली. ज्यांना पहिल्या दोन महिन्यांतच बरं वाटतं, ते औषध जास्त सोडतात.

"आता जमलं," मंजिरी म्हणाली. "अंतराचं गृहीतकही राहू द्या. पाच जणांना दिसलं ते आपल्याकडे दिसत नसेल, तर तेही कळायला पाहिजे."

"अन् हे दुसरं खोटं निघालं तर?"

"तर खोटं निघालं असं लिहायचं."

केंद्रातल्या मागच्या दोन वर्षांच्या कार्डांतून तिने चौऱ्याऐंशी माणसं निवडली. चव्वेचाळीस जणांनी औषध सोडलेलं, चाळीस जणांनी पुरं केलेलं. प्रत्येकाला एकच प्रश्नावली. ती सकाळी तात्यापाऱ्यातल्या घरून निघायची, बसने रायपूरलगतच्या बीरगांवला उतरायची आणि घर शोधत फिरायची. बहुतेक माणसं शेजारच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत कामाला. पाळी संपवून आलेली, अंगावर लोखंडाची काळी भुकटी. दार अर्धं उघडून बोलायची.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी ती सुजाताकडे गेली. सुजाता म्हणजे तिच्या धाकट्या भावाची, शालिग्रामची बायको. बीरगांवातच राहायची, पिको-फॉल करायची. शालिग्रामला जाऊन चौदा वर्षं झाली होती. त्यालाही क्षयच झाला होता आणि त्यानेही तिसऱ्या महिन्यात गोळ्या सोडल्या होत्या. तेव्हा पद्मिनीची बदली जगदलपूरला होती. तेरवीच्या दिवशी मोठे काका, अनंतराव, सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बहीण नर्स होती, पण लांब होती. जवळ असती तर पोट्टा वाचला असता." तेव्हापासून पद्मिनीलाही तसंच वाटत आलं होतं.

सुजाताने चहा ठेवला. "काय विचारता तुमी लोकायले, ताई?"

"गोळ्या काहून सोडल्या, ते."

सुजाताने कपात चहा गाळला. तो पुढे सरकवत म्हणाली, "तुमी रायपुरात असत्या तरी ह्यायनं सोडल्याच असत्या."

"काहून म्हणतेस असं?"

"बरे झाले होते ना ते. खोकला गेला, ताप गेला. वजन वाढलं होतं. ओव्हरटाइम करून राहिले होते. गोळी घेतली की मळमळे, ड्यूटी होत नसे. म्हणे, सुजाता, आता मले काही होऊन नाही राहिलं, मंग काहून खाऊ?"

"तू मले चिठ्ठी काहून नाही पाठवली?"

"मलेबी तसंच वाटलं, ताई." सुजाता शिलाई मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली. "चांगले दिसून राहिले होते. मीच म्हटलं, नका खाऊ मंग."

पद्मिनीने चहा संपवला. तिने सुजाताच्या हातावर हात ठेवला आणि तशीच बसून राहिली. मग पाचची वेळ यादीतल्या भैय्यालालला दिली होती, म्हणून उठली.

भैय्यालाल रोलिंग मिलमध्ये होता. अंगणातल्या खाटेवर बसून त्याने हसत उत्तरं दिली. "बने लागिस त छोड़ देंव, दीदी." बरं वाटलं, सोडलं.

"किती महिन्यांनी बरं वाटलं? कितने महीने में?"

"दू... कि तीन. सुरता नइ ए."

पद्मिनीने फॉर्मवर 'दोन' लिहिलं. पुढच्या प्रश्नाकडे गेली आणि थांबली. त्याने दोन किंवा तीन म्हटलं होतं. आठवत नाही म्हटलं होतं. दोन तिने स्वतः ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने फॉर्म मंजिरीच्या टेबलावर ठेवला आणि सुजाताकडे काय झालं, ते सांगितलं.

"मले ते दुसरं गृहीतक खरं निघायला पाहिजे आहे, मॅडम," ती म्हणाली. "माझ्या हातून आता बरोबर लिहिल्या जाणार नाही."

मंजिरीने फॉर्म पाहिला. "किती मुलाखती राहिल्यात?"

"अडतीस. अन् हा एक."

"दुसऱ्या कुणाला पाठवावं लागेल. गृहीतक काय आहे, हे तिला सांगायचं नाही. पण मग या सत्रात प्रबंध होणार नाही. ट्यूटरची मुलाखत हुकेल तुमची."

"हव," पद्मिनी म्हणाली. तिने तो हिशेब बसमध्येच करून ठेवला होता.

तिच्या वॉर्डातली नर्स निधी तयार झाली. तिचे आईवडील मराठी, पण ती हिंदीतच बोलायची. पद्मिनीने तिला प्रश्नावली समजावली. निधीने एकदा विचारलंच, "दीदी, आप ढूँढ क्या रही हो?"

"तू फक्त विचार अन् लिही," पद्मिनी म्हणाली.

ट्यूटरची जागा त्या वर्षी दुसरीला मिळाली. पद्मिनी पुन्हा पाळ्या करू लागली आणि उरलेल्या वेळात आकडे मांडू लागली. भैय्यालालने निधीला विचार करून 'तीन महिने' सांगितलं होतं. होळीला गावाला गेलो तेव्हा खोकला होता, हे त्याला आठवलं. त्याचा फॉर्म दुसऱ्या रकान्यात गेला.

शेवटी असं दिसलं की अंतराने काही फरक पडला नव्हता. जवळचेही सोडत होते, लांबचेही. सोडणाऱ्या चव्वेचाळीसांपैकी एकोणतीस जणांना दोन महिन्यांच्या आत बरं वाटलं होतं. पुरं करणाऱ्या चाळीसांपैकी फक्त अकरा जणांना. पण सोडणाऱ्यांत नऊ बायका अशा निघाल्या की ज्यांना बरं वाटलंच नव्हतं. त्यांनी सासरच्यांना आजार कळू नये म्हणून केंद्रात जाणं थांबवलं होतं.

"हे तर कुठंच नव्हतं, मॅडम," पद्मिनी म्हणाली. "त्या पाच जणाईत नाही, सिद्धांतातबी नाही."

"मग वेगळी तालिका करा. पुढच्या कुणाला तरी लागेल."

तोंडी परीक्षेला बाहेरून एक वयस्कर परीक्षक आले होते. त्यांनी प्रबंधाची पानं चाळली, चष्मा कपाळावर सरकवला.

"यह दूसरी परिकल्पना आपको कहाँ मिली? पुराने शोध में तो नहीं दिखती."

"सिद्धांत से, सर."

"अच्छा. ऐसा कोई मरीज आपने खुद देखा था?"

मंजिरी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. तिने मान वर केली.

"एक था, सर," पद्मिनी म्हणाली.

"इन चौरासी में है?"

"नहीं, सर."

"क्यों? उससे तो आपकी बात और पक्की होती."

"बहुत पहले की बात है, सर. उससे पूछ नहीं सकती थी."

परीक्षकांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान हलवली. मग पान उलटलं.

"तालिका चार," ते म्हणाले. "ये नौ महिलाएँ. इनके बारे में बताइए."

पद्मिनीने पदर खांद्यावर नीट घेतला, आपल्या प्रतीतलं ते पान काढलं आणि पहिल्या बाईपासून सांगायला सुरुवात केली.