सारवलेल्या मैदानावरचा बास्केटबॉल

मित्रांनो, मी एक जुना बास्केटबॉल. सेलूच्या बाजूला एक कॉलेज आहे, त्याच्या स्टोअररूममध्ये फाटक्या गाद्यांखाली पडून आहे. कॉलेजचं नाव सांगणार नाही, उगाच माझीही अब्रू जायची. माझ्यातली हवा केव्हाच गेली, राग तेवढा राहिला. आज तो तुम्हाला ऐकावाच लागेल.

पंजाबातल्या एका कारखान्यात माझ्या आठ चामडी पाकळ्या जोडल्या गेल्या, आणि पंच्याऐंशी साली मी इथे आलो. मैदान पाहिलं आणि कपाळाला हात लावावासा वाटला. हात नाहीत म्हणून राहिलं. सिमेंटचं मैदान करून द्यायला कॉलेज तयार नव्हतं. पोरं शेतकऱ्यांची. त्यांनी खळं करतात तसं मैदान केलं. मुरूम टाकला, पाणी मारलं, धुमसाने चोपला आणि वरून शेणाने छान सारवला. अहो, खळ्यावर ज्वारी नीट राहते, बास्केटबॉल नाही! ती जमीन माझी उडी गिळून टाकायची. मग पोरं मला जीव खाऊन आपटायची, तेव्हा कुठे मी त्यांच्या कमरेपर्यंत यायचो. त्यांच्या हाताला तोच जोर बसला.

त्यांच्यातला आश्रुबा सगळ्यात चपळ. त्याचे आईबाप दर साली ऊसतोडीला जायचे. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की सर्टिफिकेट मिळतं आणि पोलीस भरतीत ते चालतं, हे त्याला कळलं होतं. त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. दसऱ्यानंतर आई धुरपदाबाई टोळीबरोबर पुढे गेली, ती मुकादमाला सांगूनच. "निवड झाली तर पोरगं ऱ्हाईल हितंच. न्हाई झाली तर कोयता हाय त्याच्यासाठी."

आता आमच्या व्यंकटराव सरांचं ऐका. हे खेळाचे सर. त्यांना हरणं म्हणजे नाक कापल्यासारखं वाटे. म्हणून ते मॅच ठरवायचे कुणाशी? झरीच्या हायस्कूलशी. चारठाण्याच्या तरुण मंडळाशी, ज्यातली निम्मी पोरं कबड्डीची होती आणि मला कवेत घेऊन पळायची! बासष्ट विरुद्ध आठ, सत्तर विरुद्ध अकरा. प्रत्येक विजय स्टाफरूमच्या फळ्यावर लिहिला जाई. वर ठळक अक्षरांत 'अपराजित'. सरांना नारळ, उपरणं, वर्तमानपत्रात फोटो. माझं तोंड कडू व्हायचं.

त्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतराचे मोर्चे आणि बंद चालू होते. विद्यापीठाचा संघ जिथे निवडायचे, ती औरंगाबादची स्पर्धा दोनदा पुढे ढकलली गेली आणि आम्हाला आयते दोन महिने मिळाले. स्टेशनवरचे बुकिंग क्लार्क सीताराम खेळाचे वेडे होते. त्यांनी सिकंदराबादच्या रेल्वे संघाशी बोलणं करून ठेवलं. तिथे सिमेंटचं मैदान, समोर ताकदवान गडी, राहायची सोयही तीच मंडळी करणार.

आश्रुबा सरांकडे धावला. "सर, जाऊ एकदा. लय मारतील ते आपल्याला, मारू द्या. पन शिमिटावर एक डाव खेळून तरी बगू."

सर म्हणाले, "आणि हरून आलो तर? फळ्यावर काय लिहू, तुझं डोंबल?"

आणि त्यांनी पुन्हा चारठाण्याचीच मॅच ठरवली. तिसऱ्यांदा! मी त्या दिवशी मुद्दाम गटारात जाऊन पडलो. काही उपयोग झाला नाही. आम्ही जिंकलो.

मग औरंगाबाद. पंचांनी मला उंचावरून सोडून पाहिलं आणि म्हणाले, "बॉल चांगला आहे, याच्यावरच खेळा." आश्रुबाने शिट्टी वाजताच मला नेहमीच्या जोराने आपटलं, आणि मी त्याच्या डोक्यावरून गेलो! दुसऱ्यांदा तेच. मी काय करणार? खाली सिमेंट होतं. आमची पाचही पोरं माझ्यामागे वेड्यासारखी धावत होती आणि लोक हसत होते. समोरचा संघ बास्केटमागून बास्केट टाकत होता. निवड समितीतल्या साहेबांनी मध्यंतरालाच वही मिटली.

शेवटच्या पाच मिनिटांत आश्रुबाचा हात बसला. एकामागून एक सहा बास्केट टाकले त्याने. असा खेळ मी जन्मात पाहिला नव्हता. पण बघणारे साहेब चहाला गेले होते. म्हणजे त्या हाताला शिकायला एक मॅच पुरली असती. एकच! ती हरली असती तर काय आभाळ कोसळणार होतं?

परत आल्यावर सर प्राचार्यांना काय म्हणाले असतील? "बॉलच खराब निघाला. नुसता उड्या मारतो." पंचांनी पास केलेला मी! कुणी माझी बाजू घेतली नाही, आणि मला उचलून स्टोअररूममध्ये फेकलं.

दोन दिवसांनी आश्रुबा संघाची बनियन परत द्यायला आला. सर तिथेच कपाटाशी उभे होते. त्याने बनियनची घडी टेबलावर ठेवली. "सर, बॉलचा काई गुन्हा न्हाई. तुमी आमाला कधी हरू देलं न्हाई." सरांनी कपाट उघडलं, पुन्हा बंद केलं.

मित्रांनो, चेंडू ओला ठेवू नका, त्याच्यावर बसू नका, असं मी तुम्हाला सांगायला हवं. ते राहू द्या. तुमचे सर दर वेळी लिंबूटिंबू संघ शोधत असतील, तर त्यांना तोंडावर विचारा, आमच्याहून भारी संघाशी आम्हाला कधी नेणार? आणि वेळेत विचारा. पुन्हा पुन्हा विचारा. आश्रुबा ते शेवटचं बोलला, तेव्हा त्याला न्यायला आलेला मुकादमाचा ट्रक कॉलेजच्या फाटकाशी हॉर्न वाजवत उभा होता.