समाधीचं शेत

शरणप्पा मुख्यमंत्री झाला त्या दिवशी आमच्या गल्लीत पेढे वाटले. शेजारीण माझ्याही दारात डबा घेऊन आली. मी म्हणलं, "आमच्यात गोड चालत न्हाई," अन् दार लावून घेतलं. चालतं की. त्याच्या नावाचं तेवढं घशाखाली उतरत न्हाई.

लातूरच्या लोकांना त्याचं लई कवतिक. नांदेडच्या शाखेत कारकून, मग लातुरात मॅनेजर, मग बँकेचा चेअरमन, आमदार, मंत्री, अन् आता सगळ्या राज्याचा धनी. वर लातूरचा नवा जिल्हा करून द्यायलाय. जो तो म्हणतो, इमानदार बँकवाला. ह्या इमानाची सुरुवात कुठं झाली ते मला विचारा. माझ्या नवऱ्यापासून झाली.

बहात्तरच्या दुष्काळात मठानं दासोह घातला. येईल त्याला भाकर. मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांनी ज्वारी दिली अन् ती बँकेच्या गोदामात ठेवली, कारण दारं तिथली मजबूत. दाराला दोन कुलपं. एकाची चावी मॅनेजर शरणप्पाकडं, दुसऱ्याची आमच्या मालकांकडं. मालक म्हंजे गुंडप्पा, आडत दुकानवाले. दोघांची जिवाभावाची दोस्ती. शरणप्पा माझ्या चुलीम्होरं बसून जेवायचा, मला वैनी म्हणायचा.

एक दिवस तो घरी आला. म्हणाला, तपासणी हाय, तुमची चावी द्या. मालकांनी काढून दिली. दोस्ताला कामून म्हणून कोण विचारतं? चार दिवसांनी गोदाम उघडलं तर निम्मी पोती गायब. उपाशी माणसांच्या तोंडची ज्वारी रातोरात काळ्या बाजारात गेली. शरणप्पा म्हणाला, मी चावी मागितलीच न्हाई.

मठात बैठक बसली. आम्हा लिंगायतांत गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला की त्याच्या पल्याड कोर्ट न्हाई. मालकांनी हात ठेवून खरं सांगितलं. शरणप्पानं हात ठेवून खोटं सांगितलं. दोघांतला एक खोटा, हे अप्पाजींना कळत व्हतं. अप्पाजी म्हंजे आमचे मठाचे स्वामी. त्यांनी बँकवाल्याचं खरं मानलं. लिंगावर खोटं बोलला म्हणून मालकांना मठ बंद झाला. कुणी त्यांच्या घरी जायचं न्हाई, मेला तरी खांदा द्यायचा न्हाई.

मालकांचं अन्नावरचं मन उडालं. वरीसभरात गेले. आमच्यात मढं आडवं नेत न्हाईत, विमानात बसवून नेतात अन् बसवूनच पुरतात. मखरावाणी असतं ते, त्याला चार खांदे लागतात. एक माझा लेक बसवंत, एक माझा भाऊ, अन् दोन मोंढ्यातले हमाल. सगळी गल्ली दारं लावून आत बसली. जंगम, म्हंजे आमचा पुजारी, आला न्हाई म्हणून खड्ड्यात उतरून बेल मीच वाहिला. त्याच महिन्यात चोर पकडणारा मॅनेजर म्हणून शरणप्पाचा सत्कार झाला, अन् तिथून जो चढला तो चढतच गेला.

मी रडत बसले न्हाई. बसवंतला घेऊन दुकान चालवलं, डाळीची गिरणी टाकली. अन् वाट बघितली. पहिल्या निवडणुकीच्या खर्चाला शरणप्पानं शिरूर अनंतपाळच्या वाटेवरचं आपलं शेत विकायला काढलं. त्याच शेतात त्याच्या बापाची, माणिकप्पाची समाधी. शेत विकताना माणूस बापाची समाधी वगळून कागद करतो. हा बँकवाला, दुसऱ्यांचे कागद तपासून ज्याचे केस पिकले, त्यानंच ते केलं न्हाई. त्याला वाटलं, आपल्या बापाच्या समाधीवर जायला आपल्याला कोण अडवतंय? घेणारा माझा भाऊ. पैसा माझा. नंतर नावावर बी माझ्याच झालं. लोक म्हणले, जगदेवी, ह्या खडकाळ रानात काय पिकणार? मी कशाला सांगते. मी शेत घेतलंच न्हवतं, त्याचा बाप घेतला व्हता.

नव्या जिल्ह्याच्या कार्यक्रमाचे मांडव उभे राहिले अन् इकडं शरणप्पाची आई गुरम्मा गेली. म्हातारीशी माझं वैर न्हवतं. मालक गेल्यावर ती एकदा मागच्या दारानं येऊन माझ्यापाशी बसून गेली व्हती. तिनं चार माणसांत बजावून ठेवलेलं, मला माझ्या मालकाशेजारी बसवा, न्हाई तर माझा आत्मा फिरत राहील.

आधी कलेक्टर आला. सरकार मोबदला देईल म्हणाला. मी त्याला चहा दिला अन् सांगितलं, "ज्याची आई हाय त्याला पाठवा. न्हाई तर पोलीस लावून पुरा. फोटोवाले आलेलेच हायेत."

मग शरणप्पा आला. दहा वर्षांनी माझा उंबरा चढला. डोळे सुजलेले.

"वैनी, तुमच्या पाया पडतो. आईला जागा द्या."

"देते की, भावजी. मठात ज्या लोकांसमोर शपथ घेतली, त्याच लोकांसमोर खरं सांगायचं. समाधीपाशी."

तो भुईवरच बसला. मग म्हणाला, "उद्या जिल्ह्याचं उद्घाटन हाय, वैनी."

"आई आज गेलीया," मी म्हणलं.

"हाव. सांगतो," एवढं बोलून तो उठला.

दुपारी शेतात हे एवढं माणूस जमलं. मोंढा आला, मठ आला, आमची गल्ली तर सगळीच आली. मालकांच्या वेळी ज्यांना अंगण ओलांडता आलं न्हाई ते आज पाच कोस तुडवत आले व्हते. बघून माझ्या अंगाची आग झाली. माणिकप्पाच्या शेजारी खड्डा खांदलेला. शरणप्पा आत उतरला, वरच्यांनी म्हातारी त्याच्या हाती दिली, त्यानं तिला बसवलं. अप्पाजी काठावर बेल अन् इभूत घेऊन उभे. मी म्होरं झाले.

"आता बोला, भावजी."

त्यानं खालूनच मान वर केली. "त्या दुष्काळात, मंडळी, काही गैरसमज झाले..."

"गैरसमज न्हाई," मी म्हणलं. "चावी कुणी नेली? सांगायचं नसंल तर म्हातारीला वर घ्या. जमीन माझी हाय."

पोलिसांचा साहेब पुढं सरकला तर शरणप्पानंच हातानं त्याला थांबवलं. आईचं डोकं त्याच्या खांद्यावर कललं व्हतं.

"चावी मी नेली," तो म्हणाला. "ज्वारी मी विकली. गुंडप्पा खरा व्हता. लिंगावर हात ठेवून खोटं मीच बोललो."

दहा वर्षं मी एवढ्यासाठी जगले. मला वाटलं रडू येईल. आलं न्हाई. बसवंत मात्र हुंदके देऊन रडला, अन् गल्लीतली माणसं त्याच्याकडं बघायचं टाळत राहिली.

मग अप्पाजी बोलले. "शरणप्पा, वर ये."

"अप्पाजी, बेल वाहायचा राहिलाय."

"तो तुझ्या हातून न्हाई. ह्याच गुन्ह्यासाठी मी एका निरपराध माणसाला खांदा नाकारला. गुन्हेगाराला सोडलं तर मी ह्या गादीवर कशाला बसू? वर ये."

हे मी मागितलं न्हवतं. पण कानावर पडलं अन् खरं सांगते, मला लई गोड लागलं. राज्याचा धनी दोन्ही हात टेकत, गुडघ्याला माती लावून खड्ड्यातून वर आला. अप्पाजींनी बसवंतला बोलावलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. तो उतरला, म्हातारीला नीट बसवलं, कपाळाला इभूत लावली, डोक्यावर बेल वाहिला. मुलाचं सगळं केलं. मुलगा काठावर परक्यासारखा उभा.

माती लोटायला सुरुवात झाली. शरणप्पा माझ्यापाशी आला. गाड्या, पोलीस, कलेक्टर सगळे मागं, अन् ह्यानं हात जोडलेले.

"वैनी, एक मूठ माती तरी टाकू द्या. तुम्ही म्हणाल तर अप्पाजी न्हाई म्हणायचे न्हाईत."

मी खाली वाकले, ढेकूळ उचललं, त्याच्या डोळ्यांदेखत चुरलं अन् पायाशी सोडून दिलं.

"ही माती बी माझीच हाय, शरणप्पा," मी म्हणलं. "न्हाई देत."