पांढरी भुकटी

"थांबव जरा," प्रयून शिडीवरूनच म्हणाला आणि त्याने ड्रिल मशीनच्या टोकाखाली तळहात धरला. छताला पाडलेल्या भोकातून भुकटी पडत होती ती पांढरी होती. करडी पडायला हवी होती. मग चालवणाऱ्याच्या हातातून मशीन घेऊन त्याने स्वतः लावलं, आणखी आत घातलं. पांढरीच. चांगली साडेतीन सेंटिमीटर पांढरी पडल्यावर कुठे करडा रंग दिसला.

पांढरी म्हणजे गिलावा आणि करडी म्हणजे काँक्रीट. हे त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं. महाछायच्या मासळी बंदरावर एकतीस वर्षं तो शीतगृहांना फोमची जाड पॅनेलं बसवत होता. पॅनेल दहा सेंटिमीटरचं, स्क्रू पंधराचा, म्हणजे पाच सेंटिमीटर काँक्रीटमध्ये. हा हिशोब त्यानेच केला होता आणि स्क्रूही त्यानेच निवडले होते. आता त्या पाचातले साडेतीन गिलाव्यातच संपत होते. उरलेल्या दीडावर छताची एकशे बारा पॅनेलं लटकणार होती, आणि त्यांच्याखाली बसून पन्नास बायका कोलंबी सोलणार होत्या. त्या पन्नासांत त्याची बायको लमाई होती.

अशी चूक प्रयूनच्या हातून कधी झाली नव्हती. त्याची रीतच होती, आधी जागेवर जाऊन एक भोक पाडायचं, भुकटी बघायची, मग स्क्रू मागवायचे. पण या वेळी शेठच्या म्हाताऱ्या आईने हात आडवा घातला. ही जुनी बर्फाची फॅक्टरी शेठने नव्यानेच विकत घेतलेली. जागेच्या राखणदाराला नव्या देवळीत बसवून नैवेद्य दाखवल्याशिवाय भिंतीला सुईसुद्धा टोचायची नाही, असं म्हातारीने बजावलं. प्रयूनलाही ते पटलं. राखणदार घरात नसताना त्याच्या घराला भोक कोण पाडणार? म्हणून त्याने जुना नकाशा बघितला, नकाशात उघडं काँक्रीट होतं, आणि चिठ्ठीवर सही करून अकराशे वीस स्क्रू मागवले. मधल्या तीस वर्षांत कुणी कुणी त्या छताला गिलाव्याचे थर चढवले, ते नकाशाला काय माहीत?

इंजिनिअर थाना तिशीतला होता, स्वभावाने वाईट नव्हता. त्याने भुकटी बोटावर घेतली, नखाने उकरली आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"काका, किती लांबीचे लागतील मग?"

"एकोणीसचे. मिठाच्या हवेत न गंजणारे."

"ते बाहेरच्या देशातून येतात. तीन आठवडे."

"मग तीन आठवडे थांबायचं."

"नऊ तारखेला उद्घाटन आहे. नऊ वाजून नऊ मिनिटांनी. मोठ्या भिक्खूंनी मुहूर्त काढून दिलाय. शेठला तुम्ही सांगता का मी सांगू?" थाना कसनुसा हसला. "असं करू, एकाच्या जागी दोन स्क्रू मारू. पंधराचेच, ते इथेच आणखी मिळतात."

"साहेब, गिलाव्याला दुप्पट भोकं पाडली तर तो लवकर सुटेल. गारठ्याने ओल धरते त्याला. वर्ष काढील, दोन काढील. मग एक दिवस येईल खाली."

"तुमच्या मनाचे खेळ असतील, काका."

मनाचे खेळ म्हणे! प्रयूनला असा राग आला की शिडी उचलून आपटावी. पण साठीला टेकलेला माणूस शिड्या आपटत नाही. तो हात धुऊन शेठकडे गेला.

शेठने त्याला खुर्ची दिली, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. शेवटी फाईल उघडून ती स्क्रूची चिठ्ठी हळूच त्याच्यापुढे सरकवली. "ही सही तुझीच ना, प्रयून?"

"माझीच."

"एकतीस वर्षं करतोयस हे काम. तू निवडलेस म्हणजे विचार करूनच निवडले असशील. उगाच आता घाबरतोस. आईची तब्येत तुला ठाऊक आहे, मुहूर्त टळला तर ती जेवायची नाही. एक सांगतो तुला, आजवर तुझं एक पॅनेल खाली आलेलं नाही, आणि येणार नाही."

शिव्या घातल्या असत्या तर भांडता आलं असतं. प्रयूनने चहा तसाच ठेवला आणि वाकून नमस्कार करून बाहेर आला. त्या दिवसापासून दोन-दोन स्क्रू छतात जाऊ लागले. मशीन चालवणारे त्याचेच लोक होते, आणि त्यांना तिथे मारा, इथे मारा सांगणारा तोच होता.

एका जुन्या कामातून उरलेला खोका घरी पलंगाखाली होता. एकोणीसचे स्क्रू, बरोबर साठ. पॅनेलला दहा, म्हणजे सहा पॅनेलं. खाली कोलंबीची टेबलं अकरा. प्रयून रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर झाला, आणि सकाळी कुणाला न विचारता तीन नंबरच्या टेबलावरची सहाही पॅनेलं त्याने स्वतःच्या हाताने बसवली. जुन्या शेडमध्ये लमाई तीन नंबरवर बसायची. नव्यातही तोच नंबर मिळणार होता.

संध्याकाळी लमाईने तळलेला बांगडा आणि भात वाढला. त्याने जेवताजेवता सगळं सांगितलं. शेवटी जरा छाती काढून म्हणाला, "तू बिनधास्त बस. तुझ्या डोक्यावरचं हलायचं नाही."

लमाई बांगड्याचे काटे काढत होती. तिने काटे काढलेला तुकडा त्याच्या ताटात टाकला.

"आणि बाकीच्या दहा टेबलांवरचं?"

"स्क्रूच साठ होते, गं."

"मी विचारलं ते काय?"

लमाई त्या दिवशी भांडी फार वेळ घासत बसली. दुसऱ्या दिवशी शेडवरून आल्यावर एवढंच म्हणाली, "सांगितलं मी बायकांना. हसल्या. म्हणाल्या, छताला भिऊन घरी बसलो तर चूल कशी पेटेल? एक म्हणाली, तुझा नवरा म्हातारा झाला."

नऊ तारखेला सगळं वेळेवर झालं. भिक्खूंचे मंत्र झाले, पांढरा दोरा इमारतीभोवती फिरला, छतावर तीर्थ शिंपडलं. शेठच्या आईने रडतरडत हात जोडले. पाहुणे पॅनेलांकडे माना वर करून बघत होते आणि म्हणत होते, वा, काय सरळ रेषा आल्यात. मग रबरी बूट, टोप्या, तोंडाला फडकी बांधलेल्या बायका रांगेने आत आल्या आणि काम सुरू झालं.

प्रयूनची नजर थेट तीन नंबरवर गेली. तिथे मि चान बसली होती, लमाईशी बर्फावरून रोज भांडणारी मोन जमातीची बाई. लमाई आठ नंबरवर होती. तो लगबगीने तिच्यापाशी गेला.

"तुझी जागा ती नव्हे का?"

"होती. बदलून घेतली."

"लमाई, उठ. ऐक माझं."

"मि चानची दोन पोरं अजून अंगावरची आहेत," ती मान वर न करता म्हणाली. "आणि मी तिथं बसले असते ना, तर सारखी या बायांच्या डोक्यावर बघत बसले असते. हात चालला नसता माझा. रागावू नका."

तिच्या बोटांनी एक कोलंबी सोलली, टोपलीत टाकली, दुसरी उचलली. प्रयूनला तिचा दंड धरून तिला ओढत बाहेर न्यावंसं वाटलं. पण नेणार कुठे, आणि बाकीच्या नऊ टेबलांचं काय? तो तसाच तिच्यामागे उभा राहिला, जणू त्याच्या उभं राहण्याने वरचं काही थांबणार होतं.

दारावरचा पहारेकरी जवळ आला. नवा माणूस होता, अदबीने बोलला. "काका, इथं आता बाहेरच्यांना थांबता येत नाही. तुमचं काम झालं ना?"

"झालं," प्रयून म्हणाला.

पहारेकऱ्याने दारावरच्या प्लास्टिकच्या जाड पट्ट्या त्याच्यासाठी बाजूला धरल्या. तो बाहेर पडला, आणि पट्ट्या मागे मिटल्यावर आतल्या बायका नुसत्या पांढऱ्या टोप्यांइतक्याच दिसू लागल्या. त्यातली लमाई कोणती, ते त्याला कळेना.