बिनपावाचे गोळे

आमच्या सासूबाई सुंदराबाई यांच्या तोंडात एक दात उरला नव्हता, पण रविवारचं मटण सोडायला त्या तयार नव्हत्या. त्यामुळे भांडुपच्या आमच्या दोन खोल्यांत दर रविवारी खिम्याचे गोळे व्हायचे. खाटकाकडून बारीक खिमा आणायचा, त्यात भिजवून पिळलेला पाव घालायचा, गोळे वळायचे आणि खोबऱ्याच्या वाटणाच्या रश्श्यात सोडायचे. जमले की फसले हे ठरवायचा अधिकार सासूबाईंच्या हिरड्यांचा. पहिला गोळा त्या तोंडात धरून हिरड्यांनी दाबायच्या आणि आम्ही दोघी जावा समोर उभ्या. त्यांची मान हलली की आम्ही सुटलो. हे परीक्षेचं खूळ मला कधी पटलं नाही, पण धाकट्या सुनेला विचारतो कोण?

थोरली जाऊ जानकी. थोरल्या दिराचं नाव घेऊ नये, पण तुम्हाला कळावं म्हणून घेते, तुळशीदास. लग्नानंतर खूप वर्षांनी, नवससायास करून त्यांना एकच मुलगी झाली, माणिक. सात वर्षांची होती, पण चार वर्षांची वाटायची. हातापायांच्या काड्या, पोट मात्र फुगलेलं. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, दिवसातून चार वेळा परसाकडे पळायची. जंतांचं औषध झालं, दृष्ट काढून झाली, गावच्या देवाला गाऱ्हाणं घालून झालं. शेवटी अडुसष्ट साली जानकीवैनी तिला काखेत मारून मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. सोबत मी होते.

डॉक्टर तरुण होता, पण उगाच घाई करणारा नव्हता. त्याने समजावून सांगितलं की गव्हात एक चिकट द्रव्य असतं, कणकेला ताण येतो तो त्यानेच, आणि ते काही मुलांच्या आतड्यांना सोसत नाही. मुलीला हाच रोग असावा असा त्याला संशय होता. खात्री करायचा एकच उपाय होता. चपाती, पाव, बिस्किट, रवा, मैदा, शेवया, सगळं बंद. कणभरही पोटात जाता कामा नये. सहा महिने काटेकोर पाळायचं. गुण आला तर रोग हाच, आणि मग पोरगी धडधाकट होणार. नाही आला तर आपला अंदाज चुकला, मग दुसरं काही तरी शोधायचं. जानकीवैनीने एवढंच विचारलं, की पाळलं तर जगेल ना. तो हो म्हणाला.

सांगायला सोपं. त्या वर्षांत रेशनवर तांदूळ मिळायचा नखाएवढा आणि गहू हवा तेवढा. कोकणातल्या माणसाला भात नाही म्हणजे जेवणच नाही, तरी आमच्या घरातला सगळा तांदूळ माणिकच्या नावाने वेगळ्या डब्यात जाऊ लागला. थोरले दीर चपाती बघून तोंड वाकडं करायचे, पण गिळायचे. खरं कौतुक करावं ते सासूबाईंचं. दात नाहीत, चपाती चावत नाही, तरी वाट्याचा भात त्यांनी नातीच्या ताटात सरकवला आणि स्वतः चहात चपाती कुस्करून खाऊ लागल्या. शेजारच्या पूजेतला शिरा वैनीने माणिकला खाऊ दिला नाही, तेव्हा आळीतल्या बायका प्रसाद नाकारला म्हणून कुजबुजल्या. त्यांना सासूबाईंनीच दारात उभं करून सुनावलं.

आता अडलं रविवारचं. वैनीचं म्हणणं एकच, की माणिकचं भांडं वेगळं होणार नाही. सगळी एका टोपातलं खातील आणि ती कोपऱ्यात बसून दुसरं काही खाईल, हे तिला बघवत नव्हतं. म्हणजे गोळे बिनपावाचे करायचे, आणि तरी ते सासूबाईंच्या हिरड्यांना चालले पाहिजेत. पहिल्या रविवारी नुसत्या खिम्याचे गोळे झाले सुपारीसारखे. सासूबाईंनी बराच वेळ तोंडात घोळवला आणि गुपचूप वाटीत काढून ठेवला. पुढच्या रविवारी उकडलेला बटाटा घातला, तर गोळे रश्श्यात विरघळले आणि आम्ही सगळ्यांनी खिम्याची पेज खाल्ली. तांदळाच्या पिठाने ते चामट झाले. पोह्यांनी बरे झाले, पण मधे कचकचीत लागत होते. मी म्हटलं, वैनी, पुरे आता, मुगाची आमटी कर. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने कांदा किसायला घेतला.

शेवटी जमलं. मूठभर भात मऊ शिजवून, नारळाच्या घट्ट रसात कालवून बोटांनी अगदी लोण्यासारखा करायचा. किसलेला कांदा पिळून घ्यायचा. खिम्यात चरबी थोडी राहू द्यायची. मग सगळं एकत्र करताना मळायचं नाही, नुसतं वरखाली करायचं, कारण मळलं की मांस आखडतं. हात पाण्याने ओला करून गोळा अलगद वळायचा, दाबायचा नाही. रस्सा खळखळत असताना सोडायचे नाहीत, आच उतरवून एकेक सोडायचे आणि डाव तर घालायचाच नाही. टोप दोन्ही कानांना धरून हलवायचा. त्या रविवारी सासूबाईंनी गोळा हिरड्यांत धरला आणि तो आपोआप फुटला. त्यांची मान हलली. मग त्यांनी माणिककडे बघितलं आणि वैनीला म्हणाल्या, "मटण जड, चेडवाक बाधतलां. हिंग घाल गो चिमटभर." चेडू म्हणजे आमच्याकडे मुलगी.

हिंगावर आमच्या सासूबाईंचा भारी विश्वास. पोट फुगलं की हिंग, दुखलं की हिंग, परसाकडे जास्त झालं तरी हिंग. पितळेची एक डबी त्यांच्या उशाशी असायची आणि बाजारातल्या ठरलेल्या दुकानातून हिंगाची पूड आणून ती भरलेली असायची. माणिकला सकाळी कोमट पाण्यातून हिंग, दुपारी ताकातून हिंग, संध्याकाळी बेंबीवर हिंगाचा लेप. त्या रविवारपासून गोळ्यांतही पडू लागला. पोरीचं पोट जास्त बिघडलं की चिमूट मोठी व्हायची. वैनी स्वतः आठवण करायची, आई, हिंग दिलात ना. पोरीला हवं ते सगळं मिळत होतं, एवढंच आम्हाला समाधान.

पहिले काही आठवडे बरं वाटल्यासारखं झालं. माणिक ओट्यावर बसून मला गोळे वळू लागायची आणि तिचा एकही गोळा बोरापेक्षा मोठा होत नसे. वैनी तिचा हात मनगटाशी धरून अंगठा आणि बोट जुळतंय का बघायची. एकदा जुळलं नाही. त्या दिवशी ती गाणं गुणगुणत धुणं धूत होती, आणि तिला गुणगुणताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मग पुन्हा जुळू लागलं. पोट पुन्हा फुगलं, परसाकडे पळणं सुरू झालं, आणि सहा महिने सरले तेव्हा इस्पितळातल्या काट्यावर पोरीचं वजन वाढलेलं नव्हतं.

डॉक्टरने विचारलं, सगळं बंद होतं ना? वैनीने धडाधडा सांगितलं. पाव नाही, बिस्किट नाही, चपाती नाही, लग्नाच्या पंगतीला नेलं नाही, देवाचा प्रसाददेखील तोंडात घालू दिला नाही. बोलता बोलता तिचा आवाज चढला. आपल्यावर आळ येतोय असं तिला वाटलं. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं, मीही शपथेवर सांगितलं. तो बराच वेळ कागद चाळत बसला आणि म्हणाला की मग आपला अंदाज चुकला असावा, हा तो रोग नसेल. आणखी तपासण्या लिहून दिल्या. त्या कुठे आणि कशा करायच्या, ते आम्हाला कधी नीट समजलं नाही.

घरी आल्यावर थोरल्या दिरांचा बांध फुटला. घरचा भात गेला, म्हातारी आई चहात चपाती बुडवून खाते, आळीत लोक हसतात, आणि पदरात काय पडलं? वैनी म्हणाली, अजून थोडे दिवस पाळू, मला वाटतं गहूच आहे. का वाटतं ते तिला सांगता येईना. ते म्हणाले, "डॉक्टर स्वतः सांगतो गहू नाही. तू त्याच्यापेक्षा शहाणी काय? पोरगी जाणारच असेल तर निदान पोटभर खाऊन जाऊ दे." असं बोलून ते स्वतःच रडायला लागले. पुरुष रडला की घरातल्या बाईचं म्हणणं संपतं. वैनीचंही संपलं.

त्या रविवारी गोळ्यांत पाव पडला. वैनीने केले नाहीत, मी केले. माणिकने घास घेतला, चघळला, आणि तिच्या लक्षात आलं. तिने आईकडे बघून विचारलं, "पाव चालतो आता? म्हणजे मी बरी झाले?" सासूबाईंनी तिच्या ताटात आणखी एक गोळा वाढला. ती खूश होऊन जेवली, सगळ्यांच्या बरोबरीने, एका टोपातलं, आणि वर चपातीही मागून घेतली.

श्रावणात तिने अंथरूण धरलं. गणपती यायच्या आत गेली. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. शेवटच्या दिवसांत तिला हिंगाचं पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं, तरी सासूबाई चमच्याने ओठ ओले करत बसायच्या.

मग कधी तरी थंडीत सासूबाईंची पितळेची डबी रिकामी झाली आणि ती भरून आणायला त्यांनी मला पाठवलं. एरवी पुडी बांधून मिळायची. त्या दिवशी गर्दी नव्हती आणि दुकानाच्या मागचं दार उघडं होतं. आत एक माणूस परातीसमोर बसून काहीतरी मळत होता. कोपरापर्यंत हात पांढरे. हिंगाचा वास एवढा की डोळ्यांत पाणी यावं. मी सहज विचारलं, हे काय करता. दुकानदार म्हणाला की हिंग बनवतोय, नुसता हिंग कोणाला झेपणार, डिंक आणि पीठ घालूनच बांधायला लागतो. कसलं पीठ, मी विचारलं. तो म्हणाला, गव्हाचंच की, दुसरं कसलं.

मी डबी न भरता घरी आले. डॉक्टरने पाव सांगितला, बिस्किट सांगितलं, रवा-शेवयासुद्धा सांगितल्या. हिंग त्याला सुचला नाही आणि आम्हाला तर नाहीच नाही. औषध कोणी जेवणात धरतं का? सकाळी, दुपारी, रविवारी गोळ्यांत, आणि पोट बिघडलं की जास्त. त्याचा अंदाज चुकला नव्हता. वैनीचाही चुकला नव्हता. त्या पोरीला गहू कधी बंद झालाच नव्हता.

हे वैनीला सांगावं की नाही, यावर मी डोकं फोडून घेतलं असतं, पण माझ्या तोंडावर काही लपत नाही. नळावर तिने विचारलं आणि मी सांगून टाकलं. कळशी भरून वाहू लागली तरी ती हलली नाही. मागच्या बाया ओरडल्या तेव्हा तिने नळ बंद केला. मग एकच बोलली, "आईंना कळता कामा नये." मी म्हटलं, वैनी, अगं त्यांनीच तर... तिने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. "स्वतःचा भात दिला त्यांनी तिला," ती म्हणाली. तिने कळशी डोक्यावर घेतली आणि चालू लागली. सासूबाईंना तिने सांगितलं की दुकान बंद होतं.

रविवार आला. माणिक गेल्यापासून घरात खिमा आला नव्हता. त्या दिवशी वैनीने आणायला सांगितला. भात शिजवला, नारळाच्या रसात कालवला, ओल्या हाताने गोळे वळले, पाव घातला नाही. का घातला नाही ते मी विचारलं नाही. टोप दोन्ही कानांना धरून तिने हलवला. पहिला गोळा नेहमीसारखा सासूबाईंना. त्यांनी तो हिरड्यांत धरला, दाबला, आणि मान हलवली नाही.

"मऊ झालेत," त्या म्हणाल्या. "पण ह्यात हिंग नाय."

वैनीने मान खाली घातली. म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी येऊन सुरकुत्यांत मुरत होतं.

"मीच हात आखडलंय गो," ती म्हणाली. "डबी संपात म्हणान चिमूट चिमूट घातलंय. आणखी जरा जास्त घातलंय असतंय, तर चेडू वाचलां असतां."

मी वैनीकडे बघितलं. एक शब्द तिच्या ओठांवर येऊन थांबला होता, तो मला दिसत होता. तिने तो गिळला. मग उठून टोपातला अजून एक गोळा काढला, तो सासूबाईंच्या ताटात घातला आणि म्हणाली, "होय आई. पुढच्या रविवारी घालीन."