माळशेजच्या वाटेवरची हाळी

"पाय कुठं घालू? डोक्यावर घिऊ का?" म्हाळसाबाई मागच्या सीटवर सुनेच्या कानाशी पुटपुटली. "गाडी हाय का कोंबड्यांचं खुराडं!"

पुष्पा हसली नाही. सासूच्या कुरकुरीचं तिला नवल नव्हतं. नवल होतं ते हिनंच ही सहल काढली याचं. डोंगरात मेंढरं फिरतात, माणसं नाही, असं जन्मभर सांगणारी बाई दिवाळी सरता सरता म्हणते, "चला रं, पोरीला माळशेज दावू." वर मच्छिंद्रही एका शब्दात तयार! एरवी बायकोनं जुन्नरचा बाजार म्हटलं, की नवऱ्याची गाडी नेमकी पंक्चर असायची. मायलेकांनी काहीतरी शिजवलंय, हे पुष्पानं राजुरी सुटायच्या आतच ओळखलं होतं. पोरीला कुठल्या देवऋष्याकडे तर नेत नाहीत?

तीन वर्षांची वैजयंती खिडकीला नाक लावून बसली होती. अजून बोलत नव्हती. "बाप बी उशिराच बोलला व्हता," असं घरात सगळे म्हणत आणि लगेच कांद्याच्या लागणीवर येत.

ओझरला दर्शनासाठी उतरले. म्हाळसाबाईनं नातीला कडेवर घेऊन घंटा अशी बडवली, की शेजारचं तान्हं दचकून रडायला लागलं. वैजू पितळेची चकाकी बघत राहिली. पुष्पाच्या मनात मात्र वेगळंच रुतलं. सासू देवाकडे बघतच नव्हती, पोरीच्या तोंडाकडे बघत होती.

"किती वाजवताय, आत्या! गणपती काय झोपलाय?"

"असू दे गं. जाऊ दे त्याच्या कानावर."

ओतूर मागं पडल्यावर मच्छिंद्रनं मोकळ्या रस्त्यात कचकन हॉर्न दाबला आणि आरशातून मागं पाहिलं.

"कोण आडवं आलं?" पुष्पानं विचारलं.

"कुत्रं व्हतं."

कुत्रं नव्हतं.

मढच्या पुढं माळावर मेंढरं चरत होती. कोकणात उतरायला निघालेला कुणाचा तरी कळप. "थांबीव रं," म्हाळसाबाई म्हणाली. तिचं लहानपण अशाच कळपामागं गेलेलं. वैजू उतरल्या उतरल्या कळपाकडे पाठ करून खडे रचायला बसली. म्हाळसाबाई तिच्या मागं जाऊन उभी राहिली, जीभ टाळूला लावली आणि पोटातून हाळी दिली, "हुर्रर्र ह्या!"

मेंढरांच्या माना एकदम वर झाल्या. पार पलीकडच्या टोकाचा मेंढपाळसुद्धा गर्रकन वळला.

वैजूनं खड्यावर खडा ठेवला.

पुष्पाचा हात सवयीनं पोरीच्या फ्रॉककडे गेला. वर्षभर तिचं हेच चाललं होतं. कुणी हाक मारली की हळूच फ्रॉक ओढायचा. पोर वळायची आणि माणसं म्हणायची, बघा, कशी हुशार! कुणाच्या ध्यानात आलं नाही, असं तिला वाटत होतं.

म्हाळसाबाई त्या हाताकडेच बघत होती. मच्छिंद्रही. दोघांच्या नजरेत राग नव्हता. चोरी करताना सापडल्यासारखी दोघं उभी होती. देवऋषी नव्हताच कुठं. आपण ह्यांच्यापासून जे लपवतोय, तेच हे आपल्यापासून लपवत फिरतायत.

"वारं उलटं हाय," मच्छिंद्र म्हणाला.

"व्हय, लई वारं हाय," म्हाळसाबाईनं घाईघाईनं री ओढली.

पुष्पानं हात मागं घेतला.

"वारं न्हाई, आत्या," ती म्हणाली. "वैजूला ऐकू येत न्हाई."