कोल्हिणीनं वाढवलेला रुग्ण

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला भुलीचा त्रास? सख्खं कोण आहे तुमचं?"

मी म्हणालो, "कुणी नाही बाई, मला कोल्हिणीनं वाढवलंय."

त्या हसल्या. माझ्या थापेला लोक हसले की मी तिथंच थांबतो. खरं सांगायचं राहिलं ते एवढंच, की माझी धाकटी बहीण बेबी त्याच दवाखान्यात, पलीकडच्या ऑपरेशनच्या खोलीसाठी नंबर लावून बसली होती. दोघांच्याही पित्ताशयात खडे. माझे लिंबाएवढे, तिचे तिच्या सासूच्या मनाएवढे बारीक.

ऑपरेशन झालं. मला जाग आली, पण अंग काही हलेना. पापणी उचलेना, श्वाससुद्धा मशीनच घेत होतं. मी मगरीच्या पोटातून बाहेर आलेला माणूस, पण तिथं निदान जीभ तरी माझी होती!

"यांचं औषध उतरत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "स्नायू सैल करायला देतो ते. रक्तातलं एक एन्झाइम ते काही मिनिटांत संपवतं. यांच्यात ते जन्मापासूनच कमी असणार. मशीनवर राहू देत, उतरेल सावकाश. पण भावंडांतही असू शकतं हे. कुणी आहे का यांचं?"

"कोल्हीण आहे म्हणे," नर्स म्हणाली.

तेवढ्यात बाहेर ट्रॉली कुरकुरली आणि बेबीचा आवाज आला, "अहो दादा, हळू ढकला, नाजूक माल आहे!"

मी ओरडलो. आतल्या आत. अख्खा जीव गोळा करून करंगळीत ढकलला. करंगळी ढिम्म. डोळ्यातून पाणी तेवढं आलं.

ते डॉक्टरीणबाईंनी टिपलं. हुशार बाई! कानाशी वाकून म्हणाल्या, "काका, तुम्ही जागे आहात, कळलं मला. घाबरू नका, झोपवते हं."

नको, बाई, नको! पण झोप सुईतूनच आली.

उठलो तेव्हा घशातली नळी निघालेली. शेजारच्या खाटेवर बेबी. छाती मशीनच्या तालावर वरखाली.

"ती माझी बहीण," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो.

"आत्ता कळलं, काका. तिचंही उतरेल. झोपेचं औषध चालू आहे, तिला काही जाणवत नाही."

नसेलही जाणवत. मी खाट जवळ घ्यायला लावली, तिचा हात धरला. ओल्या फडक्यासारखा.

"बेबी, मी आहे गं," म्हणालो. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणालो.